व्हरांड्यातलं विमान

पोस्टमास्तरांच्या डोक्यावर खाकी टोपी असली की ते पोस्ट असतात आणि निळी टोपी असली की विमानतळ. आमची वस्ती एवढीशी, डोंगरांच्या पाठीमागे दडून बसलेली. दोन खात्यांना दोन माणसं आणायची कुठून? हे मला चांगलं ठाऊक होतं. पण काळजी लागली की शिकलेल्या बाईचंही भान सुटतं. मी खिडकीशी गेले आणि एका दमात म्हणाले, "मुलीला शहरात कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, सिस्टरनी तारीख घेऊन दिलीय, त्या फेरीच्या दोन जागा द्या."

त्यांनी बोट वर करून खाकी टोपी दाखवली. "आत्ता पोस्ट चालू आहे."

"अहो, पण माणूस तुम्हीच ना?"

"माणूस मीच. खातं वेगळं."

माझ्या मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं. तरी मी मुकाट्यानं बाकावर जाऊन बसले, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत पोस्ट बंद व्हायची वाट पाहत राहिलो. अखेर त्यांनी खिडकी लावली, आत काहीतरी खुडबुड झाली, आणि तीच खिडकी पुन्हा उघडून निळ्या टोपीखालून ते जणू मला आजच पाहत असल्यासारखे हसले. "या ताई! आज इकडे कुठे?"

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"पेशंट एक, सोबत एक. सोबत कोण?"

"मी."

"वजन?"

इतका वेळ ओस पडलेल्या त्या खिडकीवर नेमकी याच क्षणी रांग लागावी, याला काय म्हणायचं? माझ्या पाठीशी आमच्या शेजारच्या बेकरीवाल्या वहिनी होत्या, आणि त्यांच्या कानांना मात्र काहीही झालेलं नव्हतं. मी लग्नाच्या साली माझं जे वजन होतं ते सांगितलं. याला खोटं म्हणता येणार नाही. ते माझंच वजन होतं.

आता मुंगीबद्दल. मुंगी म्हणजे माझी मुलगी. सदानकदा कशावर तरी चढत असते, म्हणून मुंगी. शाळेत जायचं वय जवळ आलं तरी तिच्या बोलण्याचा गाडा पाच-सहा शब्दांपलीकडे जात नव्हता, आणि जे शब्द होते ते ती बोलायची नाही, ओरडायची. समोरून बोललं तर हसायची, मान डोलवायची. मागून हाक मारली तर ढिम्म.

यावर वस्तीनं आपापलं निदान केलं होतं. सासूबाई म्हणत, "बापावर गेलीय. त्यालाही चार हाका मारल्याशिवाय एक ओ फुटत नाही." (माझे यजमान वस्तीच्या वीजघरात जनरेटरच्या शेजारी दिवस काढतात, त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सभेत भाषण केल्यासारखं बोलावं लागतं.) बेकरीवाल्या वहिनी म्हणत, "लाडानं हट्टी झालीय, दुसरं काही नाही." समोर राहणारे कंपाउंडरकाका म्हणत, "मुलं उशिरा बोलतात हो! मी स्वतः पाच वर्षांचा होईपर्यंत अवाक्षर काढलं नव्हतं." त्याची भरपाई ते नोकरीतून सुटल्यापासून रोज आमच्या व्हरांड्यात बसून करत होते.

दवाखान्यातल्या सिस्टर मात्र काहीच म्हणाल्या नाहीत. मुंगी खेळत असताना त्यांनी तिच्या मागे उभं राहून एक स्टीलचा ट्रे फरशीवर सोडला. मी दचकले. खिडकीतलं मांजर पळून गेलं. मुंगी तिच्या बाहुलीचा बूट काढत राहिली.

"ताई," सिस्टर म्हणाल्या, "या वयात कानांचं लांबणीवर टाकायचं नाही. ऐकणं अडलं की बोलणं अडतं. ही तारीख मी भांडून मिळवलीय. चुकली, तर पुन्हा रांगेच्या शेपटाला."

म्हणजे काम सोपं होतं. डोंगरातला रस्ता खचलेला. आठवड्याला एक विमान येतं, त्यात बसायचं, डॉक्टर गाठायचे. यजमानांना येता येत नव्हतं, कारण ते वस्तीबाहेर गेले की वस्ती अंधारात जाते. तेव्हा मी आणि मुंगी, एवढाच मामला. पण आमच्याकडे कुणी शहरात जायला निघालं की ते त्याचं जाणं राहत नाही, ते सार्वजनिक होतं.

"जातेच आहेस तर..." अशी सुरुवात करून पहिल्या दिवशी बेकरीवाल्या वहिनींनी बंद पडलेलं गजराचं घड्याळ आणून दिलं. "जातेच आहेस तर" सासूबाईंच्या मैत्रिणीनं शिवणयंत्राचा एक लोखंडी भाग दिला, जो दिसायला छोटा होता आणि उचलायला नांगर. कंपाउंडरकाकांनी बाटलीत घालून स्वतःची कवळी दिली. "जरा घासून आणायचीय. हिरडीला टोचते."

"काका, मग तोवर जेवणार कसं?"

"तू लवकर ये की!"

विमानप्रवासातले आमच्या वस्तीचे सर्वात मोठे अधिकारी म्हणजे हेच कंपाउंडरकाका. ते एकदा विमानात बसले होते. बसले म्हणजे आडवे होते. अपेंडिक्स फुटलं होतं आणि ते बेशुद्ध होते. पण त्या प्रवासाची ते जितकी माहिती देतात, तितकी शुद्धीवरच्या माणसालाही देता आली नसती.

"पोर घाबरेल," त्यांनी निकाल दिला. कवळी बाटलीत गेल्यामुळे शब्द हवेत विरघळत होते, पण अधिकार शाबूत होता. "इंजिनाचा आवाज, तो पट्टा, तो धक्का... हातपाय झाडेल. पायलट उतरवून देतो अशा मुलांना. मी पाहिलंय."

"बेशुद्धीत?" सासूबाईंनी विचारलं.

"ऐकलंय," काकांनी दुरुस्ती केली.

मी हसायला हवं होतं. पण 'उतरवून देतो' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. त्या दिवसापासून मला जेवताना, भांडी घासताना, वेणी घालताना एकच दिसू लागलं: मुंगी किंचाळतेय, विमान आमच्याविना चाललंय, आणि सिस्टर माझ्याकडे बघतायत. म्हणून काका "सराव करून घेऊ" म्हणाले, तेव्हा मी नको म्हटलं नाही. मी मानसशास्त्र घेऊन पदवी मिळवली आहे. मुलांना अनोळखी गोष्टींची आधी ओळख करून द्यावी, हे मी स्वतः पेपरात लिहिलं होतं आणि त्याला बरे गुणही मिळाले होते.

व्हरांड्यात खुर्च्या एकामागे एक मांडल्या. काका पुढच्या खुर्चीवर, हातात परातीचं स्टिअरिंग. सासूबाई, वहिनी आणि गल्लीतली जी माणसं दुपारी मोकळी असतील ती मागे, प्रवासी म्हणून. मुंगीच्या कमरेला यजमानांचा पट्टा. इंजिन म्हणजे आमचा मिक्सर, खास लांब वायर लावून व्हरांड्यात आणलेला. काका "उड्डाण!" म्हणत, वहिनी मिक्सर चालू करत, सगळे एका सुरात डावीकडे झुकत, मग उजवीकडे झुकत. "ढग आला!" म्हटलं की सगळे खुर्चीवर एकदा उडत. मग मिक्सर बंद. "पोचलो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पट्टा सोडायचा, खाली उतरायचं आणि प्रत्येकाला एक बिस्किट.

मुंगीला हा प्रकार भलताच आवडला. मुंगीला आवडला तो एक वेळ ठीक. पण वस्तीलाही आवडला. दुपारची फेरी भरून जायला लागली. खिडकीजवळची खुर्ची कुणाची, यावरून दोन सभ्य गृहस्थांत शब्दाला शब्द वाढला. पोस्टमास्तर एकदा आले आणि निळी टोपी घालून खुर्च्यांची तपासणी करून गेले. सासूबाईंना प्रवासात मळमळतं, म्हणून त्या पिशवी घेऊन बसत. व्हरांड्यातल्या विमानातही त्यांना मळमळलं.

एका फेरीत वहिनींनी मिक्सर चुकून सर्वात जोरावर फिरवला. रिकाम्या भांड्यानं असा काही टाहो फोडला की सगळ्या प्रवाशांनी कानांवर हात घेतले, वैमानिकानं परात टाकली. मुंगीच्या अगदी पायाशी होता तो मिक्सर. ती सगळ्यांकडे बघत होती. मग तिनंही हसत हसत कानांवर हात ठेवले. इतरांनी ठेवले म्हणून.

त्यानंतरच्या टाळ्या जरा विरळच पडल्या. काकांनी त्या दिवशी आपलं बिस्किट तिलाच दिलं. "मुलं उशिरा बोलतात" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी मला स्वेटरवर स्वेटर चढवला. "वरती हवा गार असते. काका म्हणाले." सामानाला वजनाची मर्यादा, म्हणून मी सगळे निरोप अंगावर वाटून घेतले होते: शिवणयंत्राचा नांगर कोटाच्या एका खिशात, तोल जाऊ नये म्हणून कवळीची बाटली आणि घड्याळ दुसऱ्या खिशात, मुंगीचे जास्तीचे कपडे पोटाशी. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की विमानतळावर, म्हणजे पोस्टाच्या मागच्या मैदानात, पोत्यांचा वजनकाटा दिसेपर्यंत मला कसलीच शंका आली नाही.

"उभ्या राहा ताई," निळी टोपी म्हणाली.

"मी?"

"सामान आणि माणूस एकत्र. नियम आहे."

सगळी वस्ती पोचवायला आली होती. मी मुंगीला कडेवर घेऊन काट्यावर चढले. पोस्टमास्तरांनी काटा पाहिला, कागद पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा काटा पाहिला. मग वैमानिकाला ऐकू जावं म्हणून त्यांनी तो आकडा खणखणीत आवाजात पुकारला. तो आकडा मी इथे देणार नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी आमच्या वस्तीत कुणालाही विचारावा.

"ताई," ते हळहळून म्हणाले, "नोंदवलेलं वजन आणि उभं असलेलं वजन यांत फरक पडतोय."

"स्वेटर आहेत," मी म्हणाले.

"किती?"

वैमानिक एक उंच, शांत बाई होती. ती पंखाखालून आली, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वारा वाढतोय. आज मला एवढं वजन नेता येणार नाही. काहीतरी खाली राहील. लवकर ठरवा."

काहीतरी खाली राहील! मी तिथेच, भर मैदानात, सोलायला सुरुवात केली. कोट उतरला. एक स्वेटर उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्याखालून मुंगीचे कपडे गळून पडले आणि मागे कुणीतरी "अगंबाई, बारीक आहे की!" म्हणालं. कोटाच्या खिशातून नांगर निघाला. त्याच्या धक्क्यानं महिनोन् महिने बंद असलेलं घड्याळ खिशातल्या खिशात ठणाणा वाजू लागलं. वहिनी आनंदानं ओरडल्या, "अगं, सुरू झालं! राहू दे मग!" कवळीची बाटली काकांनी स्वतःच पुढे होऊन परत घेतली. "माझ्या दातांपायी पोरीचे कान नकोत," ते म्हणाले, आणि त्या क्षणी मी त्यांना बेशुद्धीतल्या सगळ्या थापा माफ केल्या.

तरी काटा ऐकेना. जरासाच, पण वर.

"टपालाची पार्सलं किती आहेत?" वैमानिकेनं विचारलं.

पोस्टमास्तर पांढरे पडले. "पोत्याला हात लावायचा तर पोस्टाची परवानगी लागेल."

"मग घ्या ना!" सगळी वस्ती ओरडली.

त्यांनी निळी टोपी काढून खाकी घातली. "पोस्टाची हरकत आहे. टपाल थांबवता येत नाही." खाकी काढून निळी. "विमानाचं म्हणणं आहे की पेशंटला अग्रक्रम." पुन्हा खाकी. "असं तोंडी चालत नाही." निळी. "नेहमी तुमचंच चालवायचं का?" आता आवाज चढला होता. टोप्या इतक्या झपाट्यानं बदलत होत्या की कुठलं खातं कुणाला बोलतंय ते कळेना. आणि पंखाखाली वारा वाढत होता. मी मुंगीला घट्ट धरून उभी होते. अंगावर नुसती साडी-झंपर, डोळ्यांत पाणी, आणि मनात एकच हिशोब: ही फेरी गेली की तारीख गेली.

अखेर सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी पोस्टमास्तरांच्या डोक्यावरची एक आणि हातातली एक, अशा दोन्ही टोप्या काढून घेतल्या आणि स्वतःच्या पाठीमागे धरल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नात आहे की नाही?"

उघड्या डोक्याचे पोस्टमास्तर मी प्रथमच पाहत होते. चांगलं टक्कल होतं. ते त्यावरून हात फिरवत म्हणाले, "आहे हो." आणि त्यांनी स्वतः पार्सलांचं पोतं विमानातून ओढून बाहेर काढलं.

आम्ही आत बसलो. पट्टा लागला. मुंगी अजिबात घाबरली नाही, रडली नाही, सरावाचं चीज झालं, असं मी मनात म्हणतेय तोवर इंजिन सुरू झालं, विमान थोडं सरकलं, वळायला म्हणून थांबलं. मुंगीनं टाळ्या वाजवल्या, पट्टा सोडला, आधीच्या वस्तीतून बसून आलेल्या शेजारच्या अनोळखी आजोबांपुढे बिस्किटासाठी हात केला आणि उतरायला दाराकडे निघाली. आमचं विमान व्हरांड्यातून निघून व्हरांड्यातच पोचत असे. हे माझ्या मानसशास्त्राच्या लक्षात आलं नव्हतं. तिला परत खुर्चीत कोंबताना तिनं जो गळा काढला, तो शहर येईपर्यंत चालला. वैमानिकेनं उतरवून दिलं नाही, कारण तोवर आम्ही ढगांत होतो. ढगात विमान एकदा धाडकन उडालं, तेव्हा मात्र ती रडता रडता शिस्तीत खुर्चीवर उडाली.

कानाच्या दवाखान्यात एका लहानशा खोलीत मुंगीला हेडफोन लावून बसवलं. शिट्टीचा आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा, असा खेळ. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, गोड होत्या. मी समोर बसले. ठक, ठक, ठक, ठोकळे पडू लागले. माझा जीव भांड्यात पडला. हिला तर सगळं येतंय ऐकू!

बाईंनी यंत्र थांबवलं. "आई, तुमच्याही कानावर येतायत ना आवाज?"

"हो, थोडे थोडे."

"प्रत्येक आवाजाला तुमच्या भुवया वर जातायत. ती भुवयांवर ठोकळे टाकतेय." त्या हसल्या. "तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करून बसता का?"

एक पदवीधर बाई शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली. मुलगी झाल्यापासून मी तिच्यावरची नजर हलवली नव्हती. आता समोर फक्त हिरवट रंगाचा ऑइलपेंट. शिट्टी वाजली. बारीक. मला ऐकू आली. मागे शांतता. पुन्हा शिट्टी, थोडी मोठी. शांतता. मी स्वेटर नसलेल्या हातांनी स्वतःलाच धरून बसले होते. टाक गं. टाक ना बाळा. शिट्टी इतकी मोठी झाली की भिंतीपलीकडच्यालाही ऐकू जावी, तेव्हा कुठे मागे एक ठोकळा पडला.

डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं आणि मला चित्र काढून समजावलं: पडद्यामागे चिकट पाणी साचलंय, दोन्हीकडे. जग तिला पाण्याखालून ऐकू येतंय. पडद्याला बारीकसं भोक पाडून पाणी काढायचं, इवलीशी नळी बसवायची. "घाबरू नका. उद्याच करून टाकू. परतीचं विमान पुढच्या आठवड्यात आहे ना? मग जाण्याआधी पुन्हा तपासून घेऊ."

"घाबरू नका" या दोन शब्दांनी आजवर कुणाची भीती गेलीय? ते माझ्या मुलीला झोपवून आत घेऊन गेले, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरच्या तक्त्यातले कानाचे सगळे भाग पाठ केले. आजही विचारा, सांगेन. मुंगी बाहेर आली ती चिडलेली, भुकेली आणि पूर्ण शाबूत.

पुढचे दिवस मी तिला जपून होते, पण तिच्या मागे उभी राहून काही बोलले नाही. सिस्टरसारखा ट्रे टाकून बघावा असं दहादा मनात आलं. धीर झाला नाही. काही न कळण्यातसुद्धा एक आसरा असतो.

निघण्याआधी पुन्हा तीच खोली, तोच हेडफोन, तीच बादली. या वेळी मी कुणी सांगायच्या आधीच भिंतीकडे तोंड केलं. बाई म्हणाल्या, "करू या सुरुवात?" मी मान हलवली. भिंतीला.

शिट्टी मला ऐकू आलीच नाही. फक्त ठक, असा आवाज आला. वाटलं, चुकून पडला ठोकळा. मग पुन्हा ठक. मला काहीच ऐकू येत नव्हतं, इतके बारीक आवाज असावेत ते, आणि मागे ठोकळे पडत होते. ठक. ठक. ठक. थांबेनात. ऑइलपेंट धूसर झाला, नाक वाहायला लागलं, रुमाल पर्समध्ये आणि पर्स दारापाशी. पदराचा बोळा नाकाला लावून मी शक्य तितक्या प्रतिष्ठेनं मुसमुसत होते, आणि अशा वेळी हळू मुसमुसणं मला कधी जमलेलं नाही. काही झालं तरी मागे वळायचं नाही, असं ठरवलं होतं. हे तोंड त्या बाईंना दाखवण्याची माझी तयारी नव्हती.

खांद्याला हात लागला. तपासणाऱ्या बाई होत्या. त्यांचेही डोळे जरा ओलेच वाटले, पण हसू आवरत नव्हतं.

"अहो आई," त्या म्हणाल्या, "वळा की आता. ती केव्हाची हळू आवाजात तुम्हाला हाका मारतेय."